चढाकडे पाठ

गाडीचा गिअरबॉक्स गेला आहे, यावर बाई सोडून घरात सगळ्यांचे एकमत झाले होते.

गाडी जुनी होती, पण सपाट रस्त्यावर शहाण्या मुलीसारखी चालायची. चढ दिसला की मात्र तिचा जीव घाबरा व्हायचा. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला की दोन हिसके, मग पाय कितीही दाबा, वेग वाढायचा नाही. शेवटी एक उसासा, आणि गाडी बंद. जरा वेळ थांबले की काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

बाईंना ही गाडी चढासाठीच हवी होती. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवल्यावर त्यांची टेकडीवरच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक झाली होती. वर जाणारी पहिली बस दुपारची आणि शाळेची घंटा सकाळची. नेमणूक करताना संस्थेचे अध्यक्ष म्हणाले होते, "आधीच्या तिघांनी या चढापायी शाळा सोडली. तुमचं काय होतंय ते बघू." त्यातला 'बघू' बाईंच्या डोक्यात गेला होता.

बाईंचे यजमान होमिओपॅथीचे डॉक्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केले, "आतून थरथरतोय. गिअरबॉक्सच."

"अहो, इंजिन चालू आहे. सगळी गाडीच थरथरतेय."

"तसं नाही. ही थरथर वेगळी आहे. जुनाट आहे."

गॅरेजच्या मिस्त्रीने तर गाडीला हातही लावला नाही. लांबूनच मान हलवली, एखाद्या म्हाताऱ्याला बघायला आलेल्या नातेवाइकासारखी. "वय झालं मॅडम. गिअरबॉक्स उतरवावा लागणार."

"पण सपाटीवर सगळे गिअर नीट पडतात."

"सपाटीवर काय, कोण पण चालतं."

आधी क्लच प्लेट बदलून बघू, असे ठरले. बदलली. गाडी चढावर बंद पडली. गिअरबॉक्सचे तेल बदलले. गाडी चढावर बंद पडली, फक्त या वेळी हिसके जरा गुळगुळीत आले. डॉक्टर खूश झाले. "बघ, उतार पडतोय!"

बाईंनी मग प्रकरण स्वतःच्या हातात घेतले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे, हे त्या मुलांना शिकवत आल्या होत्या. त्यांनी घराजवळचा छोटा चढ निवडला. आधी घरचे सगळे बसवून गाडी नेली, ती बंद पडली. मग सासूबाईंना उतरवले, तरी बंद पडली. डॉक्टरांना उतरवले, तरी तेच. डिकीतले सामानही काढून रस्त्याच्या कडेला मांडले. सासूबाई खुर्ची टाकून त्याच्या राखणीला बसल्या. येणाराजाणारा विचारू लागला, "घर बदलताय का?"

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई गाडीची परीक्षा घेतेय. तिसऱ्यांदा नापास झालीय."

"गिअरबॉक्सला सपाट आणि चढ यातलं काही कळत नाही," बाई घाम पुसत डॉक्टरांना म्हणाल्या. "दुखणं दुसरीकडे आहे. आणि मी ते शोधून काढणार."

"शोध. पण सोमवारी हजर व्हायचंय तुला. रिक्षा सांगून ठेवू का?"

"मी माझ्या गाडीने जाणार."

सोमवारी त्या निघाल्या. बाई चालवायला, शेजारी डॉक्टर, मागच्या सीटवर सासूबाई. सुनेचे ऑफिस बघायचे असा त्यांचा हट्ट होता. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गाडी छान आली. पहिल्या वळणावर हिसके सुरू झाले, दुसऱ्यावर उसासा आला आणि तिसऱ्या वळणावर गाडी मुक्काम करून राहिली. शाळेच्या मुलांनी खचाखच भरलेली जीप बाजूने वर निघून गेली. खिडक्यांना नाके चिकटलेली होती.

"आता परत फिरू," डॉक्टर म्हणाले. "मी अध्यक्षांना फोन करतो. पोट बिघडलंय म्हणून सांगतो."

"कुणाचं?"

"माझं सांगतो. माझं काय जातंय?"

वळणावर थोडी मोकळी जागा होती. बाईंनी ब्रेक सोडला आणि बंद गाडी उतारावर घरंगळवत तिथे वळवून घेतली. तोंड खाली पायथ्याकडे, पाठ वर शाळेकडे. किल्ली फिरवली. इंजिन मांजरासारखे गुरगुरू लागले. पाय दाबला तर आवाज एकदम भरदार, खणखणीत. वळण नीट घ्यायचे म्हणून त्यांनी गाडी जरा मागे घेतली, तर ती चढावर अशी सरसर निघाली की डॉक्टरांनी दाराची कडी धरली.

बाईंनी ब्रेक दाबला. क्षणभर विचार केला. आणि पुन्हा रिव्हर्स टाकला.

"अगं, खाली जायचंय ना?"

"कुणी सांगितलं? आई, मागच्या काचेतून बघा आणि मला सांगत राहा."

सासूबाई आजवर मागच्या सीटवर बसून फक्त पुढच्यांची डोकी बघत आल्या होत्या. आता त्यांची सीट अचानक सगळ्यात पुढे आली. गुडघेदुखी विसरून त्या सीटवर उलट्या वळल्या, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "सरळ घे. आता जरा डावीकडे."

"डावीकडे नको, उजवीकडे!" डॉक्टर ओरडले. ते पुढे तोंड करून बसले होते.

"माझी डावी, रे!"

"तुझी डावी म्हणजे माझी उजवी!"

"अहो, तुम्ही गप्प बसा," मान मागे वळवून बाई म्हणाल्या. "गाडीत एकच डावी राहू दे."

असे करत दोन वळणे पार पडली. आणि खालून एक काळी, लांबलचक गाडी वर येऊ लागली. ती जवळ आली, अगदी समोर आली, आणि दोन्ही गाड्यांची तोंडे एकमेकांना भिडतील इतक्या अंतरावर तशीच राहिली. एक पुढे जात होती, एक मागे, आणि दोघी एकाच दिशेने.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "अध्यक्ष आहेत. स्वतः चालवताहेत."

"येऊ देत."

"अगं, माझ्याकडेच बघताहेत! मी काय करू?"

"हसा."

डॉक्टर हसले. अध्यक्षही जरासे हसले. पण ओळखीच्या माणसाकडे बघून किती वेळ हसावे यालाही मर्यादा असते, आणि चढ बराच बाकी होता. पुढच्या वळणापर्यंत डॉक्टरांचे गाल दुखू लागले. त्यांनी आभाळाकडे बघितले, घड्याळाकडे बघितले, मग कप्प्यातून काच पुसायचे फडके काढून त्याची व्यवस्थित घडी केली. दर वेळी नजर वर केली की अध्यक्ष समोरच.

"पुढे का जात नाहीत ते?" डॉक्टर कुजबुजले. "रस्ता मोकळा आहे."

"बघत असतील," बाई दात आवळून म्हणाल्या. "बघू म्हणाले होते ना. नीट बघून घेऊ देत."

शाळेच्या फाटकातून गाडी उलटी आत शिरली तेव्हा सगळी मुले मैदानात रांगेत उभी होती. पहिल्यांदा दिसल्या त्या काचेला नाक लावलेल्या सासूबाई. मुलांनी त्यांनाच नव्या मुख्याध्यापिका समजून एका सुरात "गुड मॉर्निंग" म्हटले. सासूबाईंनी हात हलवून ते स्वीकारले. तेवढ्यात घंटा झाली.

गाडीतून उतरताना बाईंच्या चेहऱ्यावर मात्र वेगळेच तेज होते. "कळलं मला! पेट्रोलची टाकी मागे आहे. नाक वर केलं की पेट्रोल इंजिनापर्यंत वर ओढावं लागतं, आणि ते येत नाही. शेपूट वर केलं की आपोआप उतरतं. वाटेत काहीतरी तुंबलंय. आत्ता खाली जा आणि मिस्त्रीला पेट्रोलचा फिल्टर उघडायला सांगा. गिअरबॉक्सचं नाव काढाल तर याद राखा!"

तासाभराने डॉक्टरांचा फोन आला. आवाज पडलेला होता. "फिल्टरमध्ये नुसता गाळ होता. नवीन घातला. आता गॅरेजजवळचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढतेय."

"मिस्त्री काय म्हणतो?"

"म्हणतो, आलीच आहे गाडी तर गिअरबॉक्सही बघून घेऊ."

बाईंनी फोन ठेवला, तोच दारावर टकटक झाली. अध्यक्ष आत आले, आणि त्यांनी मागे दार लावून घेतले. बाई उभ्या राहिल्या. सकाळपासून मनात जुळवलेली सगळी उत्तरे त्यांनी जिभेवर आणून ठेवली.

"बसा, बसा," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "आज माझी गाडी कितीतरी महिन्यांनी शाळेपर्यंत आली."

"म्हणजे?"

"जोरात चढवायला गेलं की बंद पडते. आज पुढे काढायचा धीर झाला नाही, तुमच्या मागे गोगलगायीसारखा आलो, म्हणून पोचली. नाहीतर खालच्या वळणावर सोडून चालत येतो. लोकांना सांगतो, तब्येतीसाठी चालतो."

बाईंनी जिभेवरची उत्तरे गिळून टाकली. "चढावर हिसके देते का?"

"देते."

"मिस्त्री काय म्हणाला?"

"गिअरबॉक्स गेलाय म्हणाला."

"त्याला हात लावू देऊ नका!"

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. "गेल्या आठवड्यात नवीन बसवला," ते म्हणाले. "आता हिसके जरा गुळगुळीत येतात."

बाईंनी समोरची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे सरकवली, भिंतीवरचा फळा पुसला आणि त्यावर एका चढाचे चित्र काढले. चढावर एक गाडी, गाडीच्या मागच्या बाजूला टाकी. बाण काढायला त्या वळल्या, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, जरा हळू. मी शाळेत या विषयात कच्चा होतो."