डब्यातला ढग

आमच्या पेणच्या आळीतले विश्वासकाका दर रविवारी सकाळी जेवणाचा डबा घेऊन रोह्याच्या एसटीत बसतात. वरच्या पुडात पोह्याचे पापड, खालच्या पुडात पंच्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क. कुणाचा नुसता धक्का लागला तरी ओरडतात, "जपून रे बाबा, आख्खी आळी हाय यात!"

आम्हालाही ते खरंच वाटायचं. पुरात घरचे सगळे अल्बम गेले, तेव्हापासून काकांनी कपाटात एक जुना कॉम्प्युटर मांडलाय. आमच्या मोबाइलमधली लग्नं, बारशी, सातबारे, सगळं त्यात जाऊन बसतं. "क्लाउड म्हणजे ढगच ना? आभाळातला ढग कुणाच्या बापाचा? आपला ढग आपल्या घरात!" दुपारी कपाटाचं दार उघडून काका समोर खुर्ची टाकतात. खाडीकडचा वारा येत असतो, आत पंखा घुमत असतो, हिरवा दिवा लुकलुकत असतो. "बघ, कुणाचं तरी बाळ वर चढतंय," असं पुटपुटता पुटपुटता त्यांचा डोळा लागतो. खरं सांगते, मला त्या झोपेचा हेवा वाटतो.

तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर, हा काकांचा नियम. गावाबाहेरची प्रत रोह्याला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. आक्का तिथे एकट्याच राहतात. नवी डिस्क देवघरात ठेवतात आणि मागच्या आठवड्याची परत देतात.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे मला हे बघवायचं नाही. "अहो, नेटवरून जातं हे! कशाला खेपा घालता?"

"नेटचा काय भरवसा?" काका हसून विषय संपवायचे.

एका शनिवारी काकांचा पाय मुरगळला. उद्याची खेप चुकणार म्हणून माणूस नुसता कासावीस. म्हटलं, थांबा, आता कायमचा निकालच लावते. कपाटापुढे बसले आणि बघते तर काय, सगळं रोज आपोआप नेटवरून रोह्याला जात होतं! आक्कांच्या माळ्यावर काकांनीच बसवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. दोन वर्षांपासून. डब्यातली डिस्क लावून पाहिली, तर ती कोरी.

"काका, हा काय चावटपणा?"

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "आक्का लय मानी हाय गो. भावोजी गेल्यापासून भेटायला गेलो की म्हणते, माझी कीव करायला आलास? कामाला आलो म्हटलं, की भाकऱ्या टाकते. इथं तर ती पाऊल टाकत नाय. म्हणते, कुणावर भार व्हायची नाय."

या माणसाला मी इतके दिवस येडपट म्हणत होते.

रविवारी डबा घेऊन मीच गेले. आक्कांनी दारातच विचारलं, "तो कुठाय?"

"पाय मुरगळलाय. चालवत नाही त्यांना."

त्यांनी नवी डिस्क काढून घेतली. देवघरातली डिस्क आणून डब्यात ठेवली. मी हात पुढे केला, तर डबा त्यांनी छातीशी धरला आणि चपला शोधायला लागल्या.

"तुझ्या हाती नाय द्यायची गो. एवढी मोठी जोखीम. मीच येते."

एसटीत खिडकीशी बसल्या, कोऱ्या डिस्कचा डबा मांडीवर घेऊन. गडबच्या थांब्यावर चढलेल्या एकाची पिशवी डब्याला लागली. आक्कांनी दोन्ही हातांनी डबा झाकला.

"जपून रे बाबा," त्या म्हणाल्या, "आख्खी आळी हाय यात."