उलट्या हाताचे दौलतमामा

दौलतमामा कोणत्याही वस्तूला आधी उलट्या हातानं शिवायचे. दरवाज्याची कडी असो, कुणाच्या घरची लोखंडी खाट असो. पंजाची पाठ हळूच लावायची, क्षणभर थांबायचं, मगच धरायचं. रिठदला माझ्या चुलतभावाच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या डोक्यालाही आधी तसाच हात लावला आणि मग आशीर्वाद दिला.

"मामा, रिठदात वीज कुठाय अजून?" मी म्हणालो.

"नसू दे. करंटवाल्या लोखंडाले तळवा लागला का मूठ मिटते, मंग सुटत नाही. उलटा हात झटक्यानं मांगं येते. सवय मोडाची नाही."

वाशीमजवळ कापसातली सरकी काढायचं आमचं जिन होतं. मामा तिथे वायरमन, मी कापूस उतरवून घ्यायच्या कामावर. मालकांनी त्या साली डायनामो आणला, गठाणी बांधायच्या प्रेसला मोटर लावली आणि सरकी काढणाऱ्या प्रत्येक यंत्राशेजारी एक बटण बसवलं. बटण दाबलं की इंजीनघरात घंटी वाजायची आणि इंजीनवाले गणपतराव सगळी यंत्रं थांबवायचे.

पण प्रेसची मोटर सुरू झाली की घंटी आपली आपणच वाजायची. गणपतराव दोन दिवस धावून धावून यंत्रं थांबवत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घंटीकडे पाठ फिरवली. यंत्रांवर बसणाऱ्या बाया म्हणाल्या, जिनात भूत आहे.

मामांचे डोळे चमकले. "भूत जमिनीतून येऊन राह्यलं," म्हणाले, आणि सरळ प्रेसचा फ्यूज काढून खिशात घातला.

मॅनेजर तणतणत आले. "भर हंगामात फ्यूज का काढला?"

"साहेब, घंटी खोटं बोलून राह्यली. लोकायनं तिचं ऐकनं सोडलं. उद्या कोनाचा हात सापडला तर कोन ऐकन?"

मॅनेजरांनी दोन दिवस दिले.

घंटी बसवणाऱ्यांनी तार वाचवायला तिचा करंट एका खड्ड्यात पत्रा पुरून जमिनीतूनच परत आणला होता, आणि मोटरीतून गळणारा करंटही त्याच खड्ड्यात उतरून घंटी वाजवत होता. मामांनी घंटीला परतीची वेगळी तार दिली, ती मोटरीच्या तारांपासून लांब, पलीकडच्या भिंतीवरून नेली. मोटरीसाठी नवा खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घातलं. मामांनी मिठाचं अख्खं पोतं उचललं तेव्हा दुकानदार शेटजींनी विचारलं, "मामा, लोणचं घालून राह्यले का?"

"हो. जमिनीचं."

मोटर सुरू झाली. घंटी गप्प. मामांनी एकेक बटण दाबून पाहिलं, मग गणपतरावांपुढे उभे राहिले. "आता वाजली का खरीच वाजली. हातातला चा सांडला तरी चालन, पन उठा."

आठवडाभरानं भर दुपारी कौसाबाईचा पदर यंत्राच्या रुळात ओढला गेला. पाठोपाठ हात. शेजारणीनं बटणावर थाप मारली. घंटी वाजली, गणपतराव उठले, पट्टे सुटले, रूळ थांबले. पदर फाटला होता, पण कौसाबाईची बोटं शाबूत होती. सगळं जिन तिच्याभोवती गोळा झालं. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं. गणपतराव भेटेल त्याला चहा सांडल्याचं सांगत सुटले.

मामा मात्र दिसेनात. मी शोधत गेलो तर ते इंजीनघरामागे तारांचं खोकं उघडून बसलेले. मी ते आतून पहिल्यांदाच पाहिलं. तारा ओळखायला मामांनी प्रत्येकीला पत्र्याची चिठ्ठी बांधली होती, आणि तिच्यावर आकडा नव्हता. त्या त्या यंत्रावर बसणाऱ्या बाईचं नाव कोरलेलं होतं. कौसा, अनसूया, गंगू. शेवटची तार कुठेच जात नव्हती. तिच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळलेली. चिठ्ठीवर यमुना.

"या नावाची आपल्याकडं कोणी नाही, मामा."

"माही पोरगी होती," मामा म्हणाले. "दुसऱ्या जिनात जाये कामाले. तिथं घंटी नोयती."

त्यांनी ती तार इतर तारांच्या शेजारी नीट बसवली आणि झाकण लावायला घेतलं.

"खोक्यात जागा होती," ते म्हणाले, "म्हून ठेवली."