तीन युरोंची श्रीमंती

सत्त्याहत्तर वर्षं जेमतेम भागवत आलेला कोलमन डेव्हॅनी एका मंगळवारी टपालाने श्रीमंत झाला. सरकारी पत्रात लिहिलं होतं, की त्याचं आठवड्याचं उत्पन्न मर्यादेपेक्षा तीन युरोंनी जास्त भरतं, सबब मोफत औषधोपचाराचं मेडिकल कार्ड रद्द. म्हणजे हृदयाच्या गोळ्या गेल्या, रक्तदाबाच्या गेल्या, आणि खालच्या दातांची कवळी, जिचं माप गेल्याच आठवड्यात दिलं होतं, तीही गेली.

"पण माझं उत्पन्न वाढलंच नाहीये!" तो शेजारच्या डिंपनाच्या स्वयंपाकघरात जाऊन ओरडला.

डिंपना ही पोलिसाची विधवा. गावचं पोस्ट तिने तीस वर्षं सांभाळलेलं, त्यामुळे सरकारी पत्र वाचायला अख्खं गाव तिच्याकडे यायचं. तिने चष्मा लावला. "तुझं नाही वाढलं. पौंड वाढलाय."

कोलमनने उमेदीची वर्षं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, पाईक नावाच्या ठेकेदाराकडे विटा वाहण्यात घालवली होती. त्याची पेन्शन अजून पौंडात यायची. पौंड चढला की कोलमन इकडे आयर्लंडात, मेयोत बसल्या बसल्या युरोंत श्रीमंत व्हायचा.

त्या रविवारी तो चर्चमध्ये इतका वेळ गुडघ्यांवर होता, की फादर हेरेटींना काळजी वाटली.

"कुणी आजारी आहे का, कोलमन?"

"नाही फादर. इंग्लंडचा पौंड पडावा म्हणून मागणं मागतोय."

"असल्या गोष्टी देवाकडे मागू नयेत."

"मग कुणाकडे मागू? सरकारने तर हात वर केले."

देवानेही केले. पौंड आणखी दोन सेंटांनी चढला. तेव्हा डिंपना म्हणाली, "सरळ त्या पाईकवाल्यांना पत्र टाक. पेन्शन थोडी कमी करा म्हणावं."

"जास्त मागितली तर देत नाहीत, कमी कुठली देणार?"

"कमी द्यायला काय जातंय त्यांच्या बापाचं?" असं म्हणून तिने स्वतःच पत्र लिहिलं आणि सही करायला पेन त्याच्या हातात कोंबलं.

आठवड्याभरात फोन आला. पाईकच्या कचेरीतली बाई होती, आवाज अगदी मऊ.

"मिस्टर डेव्हॅनी, तुम्हाला पेन्शन कमी हवीय?"

"हो. आठवड्याला चार पौंड. पाच कापलेत तरी राग नाही."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे ना."

"कुणाचा?"

"आयरिश सरकारचा."

बाईंनी आवाज आणखी उतरवला. "आत्ता खोलीत कुणी आहे?"

"डिंपना आहे."

"त्यांना जरा बाहेर जायला सांगता येईल?"

"हिला? बाई, हिचा नवरा पोलीस होता. त्यालाही कधी जमलं नाही."

एवढं ऐकल्यावर बाईंची खात्री पटली, की म्हातारा कुणाच्या तरी तावडीत सापडलाय. कर्तव्य म्हणून त्यांनी त्याची फाईल पहिल्या पानापासून तपासायला घेतली. तिथेच घात झाला. तीन आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. कोलमनची अकरा वर्षांची नोकरी चुकून सी. डिव्हाइन नावाच्या कुणा गवंड्याच्या खात्यावर लागली होती. चूक दुरुस्त केली आहे, पेन्शन आठवड्याला चाळीस पौंडांनी वाढवली आहे, मागची थकबाकी सोबत जोडली आहे, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.

"मेलो!" कोलमन मटकन उंबऱ्यावर बसला.

दारूच्या गुत्त्यात मात्र आनंदीआनंद झाला. लोकांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याच्याच खर्चाने बिअर प्यायली. औषधवाल्याने गोळ्यांचं बिल पुढे करताना पहिल्यांदाच त्याला 'सर' म्हटलं. तो 'सर' त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबला.

घरी येऊन त्याने सरकारी माहितीपत्रक पुन्हा वाचून काढलं. पाचव्या पानावर एक ओळ सापडली. नवरा-बायको असतील तर मर्यादा जवळजवळ दुप्पट. त्याने ती ओळ तीनदा वाचली, दाढी केली, एरवी फक्त मयतीला निघणारा टाय बांधला आणि डिंपनाचं दार वाजवलं.

"कोण गेलं?" टाय पाहून तिने विचारलं.

"कुणी नाही." त्याने पत्रक टेबलावर पसरलं. "पान पाच. मी काय म्हणतो, शेजारी तर आपण आहोतच. भिंत तेवढी मधे..."

"अकरा युरो जास्त होतात," डिंपना म्हणाली.

"काय?"

"तुझी नवी पेन्शन, माझी पोस्टाची, आणि आमच्या ह्यांची. बेरीज केली तर दोघांच्या मर्यादेवर अकरा युरो जातात. तुलाही कार्ड नाही, आणि माझं आहे तेही जाईल."

कोलमन पत्रकाकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. "तू ही बेरीज कधी केलीस?"

डिंपना किटलीकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. "गेल्या बुधवारी."

कोलमनने टायची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली.

"मग गोळ्यांचं काय करायचं?"

"करायचंय काय?" त्याच्यापुढे चहाचा कप ठेवत ती म्हणाली. "विकत घेऊ आपण."