चांदाची तारीख अधिक एक

याकूबचाचांना समुद्राची भीती वाटते, आणि दर महिन्याला ते हट्टाने समुद्रावर राहायला जातात. या दोन गोष्टींचा मेळ भिवंडीतल्या आमच्या निजामपुऱ्याच्या अख्ख्या गल्लीत कुणाला लागला नव्हता. मला तर नव्हताच, आणि मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी.

चाचांचं आयुष्य कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलं. त्यामुळे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही ते गच्चीवरून हाक मारल्यासारखं बोलतात. आता लूम पुतण्या बघतो आणि चाचा काळजी करतात. गॅस बंद केला का? गाडीत स्टेपनी आहे का? वज्रेश्वरीला गेलो तर कुंडाचं पाणी आज रोजच्यापेक्षा जास्त गरम तर नाही? वर म्हणतात, ‘जाधवसाब, पूछने में क्या जाता है?’ जातं काय, माझं डोकं जातं.

पालघरकडच्या एका खेड्यात सुरूच्या बनामागे एक साधं लॉज आहे. चार खोल्या, आणि मालकीणबाई स्वतः रांधतात. गेलं दीड वर्ष चाचा, झुबेदाचाची, मी आणि आमची ही असे चौघं माझ्या गाडीने तिथे जातो. चाची वाटभर खिडकीबाहेर बघत गालात हसत असतात. त्या मुळातच अबोल, असं आम्ही धरून चाललो होतो.

पोचल्या पोचल्या चाचा काठीने वाळूत रेघ ओढतात. ‘ह्याच्या पुढं कोन न्हाय जायाचा!’ समुद्र तिथून निदान दोनशे पावलं लांब. आमची ही एकदा शिंपले वेचायला रेघेपलीकडे गेली, तर चाचांनी खिशातून शिट्टी काढून अशी फुंकली की बनातली सगळी कुत्री जागी झाली.

पाणी कधी चढणार ते चाचा बोटांच्या पेरांवर काढतात. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असली की तीनला पूर्ण भरती. चाचांच्या घराण्यात तिथीऐवजी चांदाची तारीख, म्हणजे चांद दिसल्यापासून मोजलेला दिवस. तीत एक मिळवायचा आणि मग पाऊणपट.

‘चाचा, हे मोबाइलवर येतं,’ मी म्हणालो.

‘मोबाइलला पोहता येतो का?’

गेल्या खेपेला सकाळी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं, ‘चांदाची सहा, अधिक एक सात. सव्वापाचला भरती झाली, साडेअकराला पानी फिरनार, चढाया लागनार. मग कोनी हलायचा न्हाय.’ आम्ही मान डोलावली.

पावणेबाराला चाची खोलीत नव्हत्या.

न्हाणीघर पाहिलं, विहिरीत वाकून पाहिलं, बन पालथं घातलं. मग हिने बोट दाखवलं. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर, पार लांब, एक हिरवी ओढणी दिसत होती.

‘पानी फिरला! अर्धा तास झाला!’ चाचा ओरडले आणि धावत सुटले. चपला मागे, काठी मागे, रेघ तर केव्हाच मागे. मीही धावलो. ओली वाळू संपता संपेना, आणि वाटेतलं प्रत्येक डबकं मला वाढताना दिसत होतं.

मागून मालकीणबाई ओरडल्या, ‘अवो चाचा, आज अष्टमी हाय! पानी अजून खालीच चाललंय! सव्वाबाराला फिरल!’

घोटाळा नंतर उलगडला. त्या महिन्यात भिवंडीवर ढग होते, चांद एक दिवस उशिरा दिसला. चाचांची तारीख एका दिवसाने मागे पडली, आणि त्यांचं पाणी पाऊण तास आधीच फिरलं. पण तेव्हा ते ऐकायला थांबले नाहीत.

आता चाचींना चांगलंच झापणार, असं मला वाटलं. पण खडकापासून चार हातांवर चाचा थबकले. विजार झटकली, टोपी नीट बसवली, आणि मी आयुष्यात न ऐकलेल्या हलक्या आवाजात म्हणाले, ‘अस्सलाम अलैकुम. मी याकूब. भिवंडीचा.’

चाचींनी ओढणी डोक्यावर घेतली. ‘अब्बा होडी घेऊन गेलेत. ते आल्याबिगर मी कशी बोलू?’

त्यांचे अब्बा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्या मयतीला मी स्वतः गेलो होतो.

‘भरतीला येतील,’ चाचा म्हणाले. ‘तवर सावलीत बसू.’

‘तुमचे लूम लय आवाज करतात म्हनं.’

‘तू बोलशील तवा बंद करीन.’

चाचींनी त्यांच्या बाहीचं टोक धरलं आणि दोघं हळूहळू परत निघाले. मी मागे राहिलो. मला फार लाज वाटत होती. भिंतीला भिंत लागून राहतो, आणि दीड वर्षात मला काही कळलं नव्हतं.

दुपारी आमची ही आत चाचींची वेणी घालत होती. चाचा ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले.

‘घरात ती मला वळखत न्हाय. कोन परका मानूस घुसला म्हनून रडते. हितं पल्याडच्या गावात तिचा माहेर होता. हितं आली की मी तिला बघायला आलेला पोरगा असतो.’

‘मग?’

‘मग मी विचारतो, निकाह करशील का. दर खेपेला विचारतो. आजवर हो बोलली.’

त्यांनी एकदा आत डोकावून पाहिलं.

‘आज अजून विचारला न्हाय, जाधवसाब. न्हाय बोलली तर?’