भेकराने हळू भुंकावं

एका जंगलात, बाळांनो, डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा होता. तिथे साळिंदराने शहरातल्या प्राण्यांसाठी कॅम्पिंग सुरू केलं होतं. तंबू त्याने काठावर नाही, ओढ्याच्या पात्रातच ठोकले होते. तिथली वाळू मऊ होती आणि फोटो चांगले यायचे.

वरच्या कातळावर दोन भेकरं, म्हणजे छोट्या जातीची हरणं, राहायची, थोरला आणि धाकटा. डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगायचा. म्हणून भेकरांची एक रीत होती. गढूळ पाण्याचा वास आला की कातळावर उभं राहून भुंकायचं. भेकर कुत्र्यासारखंच भुंकतं. ते ऐकलं की सगळं जंगल काही न विचारता चढ चढायचं.

शहरातून आलेल्या बोक्याला हे आवडलं नाही.

"आम्ही इथे कुत्र्यांपासून लांब राहायला आलो," तो साळिंदराला म्हणाला.

साळिंदराने थोरल्याला बोलावलं. "भाऊ, तुमचं काम चांगलंच आहे. फक्त आवाज नको. पाणी आलं तर एकेका तंबूपाशी जाऊन हळूच सांगा."

"तोवर पाणी थांबेल का?"

"पाण्याचं मी बघतो," साळिंदर म्हणाला.

धाकटा चिडला. "दादा, तू भुंक. कोण काय करतंय बघू."

"असू दे रे. पाहुणे आहेत," थोरला म्हणाला. तो फार भिडस्त होता.

एका दुपारी पाण्याचा वास आला. पाहुणे जेवून झोपले होते. थोरला खाली उतरला. त्याने प्रत्येक तंबूपाशी जाऊन हळूच सांगितलं. पाहुणे उठले आणि आभार मानून चढाला लागले. शेवटचा तंबू बोक्याचा होता.

"एवढं अंग चाटून घेतो, मग निघू," बोका म्हणाला.

थोरला दारात थांबला.

वरून धाकटा जीव तोडून भुंकू लागला.

"झालं याचं सुरू," बोका म्हणाला.

"लहान आहे. माफ करा," थोरला म्हणाला.

तेवढ्यात पाणी आलं. बोक्याला झाडावर चढता येतं. भेकराला येत नाही.

पाणी ओसरल्यावर साळिंदराने तंबू पुन्हा तिथेच ठोकले आणि शोकसभा ठेवली. बोका पुढे येऊन बोलला. "इतकं शांत भेकर मी पाहिलं नाही." मग सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले.

धाकट्याला गप्प राहता येईना. तो भुंकला. मग भुंकतच राहिला.

"पाणी आलं का?" साळिंदराने विचारलं.

"नाही. दादा गेला."

"ते आहेच," साळिंदर म्हणाला. "पण जरा हळू."

तात्पर्य : बाळांनो, कुणाला वाचवायचं असेल तर आवाज करू नये. हळूच सांगावं, दारात थांबावं आणि त्याचं अंग चाटून होईपर्यंत वाट पाहावी. नंतर सगळे आपल्याविषयी फार चांगलं बोलतात.