दाजींचं मनगट

आमच्या दाजींना कुणी रामराम घातला, की ते उलट रामराम म्हणत नसत. उजवा हात पुढं करत आणि म्हणत, "धरा मनगाट."

पुढचं मला सविस्तर ठाऊक आहे, कारण रहिमतपुरात ते सगळ्यात जास्त वेळा मीच धरलं. एक गिरकी, काखेत कळ, आणि मी शेणाच्या ढिगात. वरून आपला चपटा, पसरट अंगठा नाचवत दाजी सांगत, "पाव्हणं, जोर नगं. अंगठा बघा. धरणाऱ्याची चार बोटं सोडत न्हाईत, अंगठ्याकडनं निसटायचं."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले आणि शेचाळीस साली परत आले. इतरांनी पलटणीतून ट्रंका आणल्या, दाजींनी कराटे आणलं. कैदेतला एक पहारेकरी म्हणे कुठल्याशा बेटावरचा कोळी होता. दाजींनी त्याला कुस्तीतली ढाक शिकवली, त्यानं दाजींना ही विद्या दिली.

"ह्यो खेळ न्हाई पाव्हणं. कुणी मनगाट धरलं, क्यास धरलं, तर जित्तं घरी कसं यायचं, तेवढंच हाय ह्यात."

रोज सकाळी ते आमच्या परड्यात भिंतीलगत आडवे-आडवे चालत. चार पावलं डावीकडं, चार उजवीकडं, मध्येच हवेत कोपर. शेजारीण आईला विचारी, "आवं, जावयाच्या पायाला काय झालंय?"

खरा प्रश्न वेगळाच होता. जावई अजून इथं का? दाजींचं घर म्हसवडला. लढाईपायी आक्का माहेरी राहिली होती. त्यांची शेवंता इथंच जन्मली, पाच वर्षांची झाली, आणि बापाला 'मिशीवालं पाव्हणं' म्हणून माझ्यामागं दडायची. ती आपणहून जवळ येईपर्यंत तिला न्यायचं नाही, असं दाजींनी ठरवलेलं. तालमीत टोमणे सुरू झाले, "एवढा गडी, आन् सासऱ्याची भाकरी मोडतोय!" दाजी त्यांच्यापुढंही मनगट करत.

न्हाव्यानं धरलं, पोस्टमननं धरलं. शेवंतानं नाही. तिच्यापुढं दाजी नुसताच हात करत. ती मागं सरे. हात तसाच मिशीकडं जाई.

शेवटी आक्कानं सगळ्यांना म्हसवडच्या जत्रेला नेलं. रथ हलला, गुलाल उधळला, गर्दी लोटली. शेवंताचा हात मी घट्ट धरला होता. डोळे पुसून बघतो तर मुठीत कुणा अनोळखी म्हातारीचा पदर!

चार हातांवर दाजी पाठमोरे. मागून कुणीतरी त्यांचं मनगट पकडलं. दाजींचा खांदा झुकला, कंबर वळली, दुसऱ्या हाताचं कोपर वर गेलं. ते कोपर माझ्या ओळखीचं होतं.

"दाजी!" मी ओरडलो.

कोपर तिथंच थांबलं. खाली गुलालानं माखलेली शेवंता, दोन्ही हातांनी मनगटाला लोंबकळलेली, डोळे गच्च मिटून.

रथ पुढं गेला तरी दाजी हलेनात. एका बाईला वाटलं, यांच्या अंगात आलंय. तिनं हात जोडले.

"दाजी, कोपर खाली घ्या," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलंच नाही. खाली बघत हळूच म्हणाले, "पाव्हणं, अंगठा बघा."

मी बघितला. चपटा, पसरट. दाजींचाच, फक्त लहान मापाचा.