ताईच्या खोलीतलं प्रेक्षणीय स्थळ

"बापू, माझ्या खोलीत नऊ माणसं शिरलीत! आणि त्यातला एकजण मलाच सांगतोय, जरा बाजूला सरका, खाटेचा फोटो घ्यायचाय!"

फोनवर ताई होती. ऐकणारा धाकटा भाऊ, बापू, वारसास्थळांच्या कार्यालयात हंगामी नकाशेकार होता. जुन्या वेशीपासून दगडी पुलापर्यंतची सहलीची वाट त्याने यंत्रावर नोंदवली होती आणि ती आठवड्यापूर्वी लोकांच्या मोबाईलवर गेली होती. शनिवारी साहेब स्वतः ती चालून बघणार होते. पसंत पडली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ.

सहा किलोमीटर वाट बापू खरोखर चालला होता. फक्त दुपारी ऊन सोसेना म्हणून वाटेवरच्या ताईकडे शिरला, पोटभर जेवला, खाटेवर आडवा झाला आणि खिशातलं यंत्र बंद करायला विसरला. यंत्र बिचारं इमानी. माणूस जास्त वेळ थांबला ते स्थळ मोठं, एवढंच त्याला कळायचं. वेशीला चार मिनिटं, पुलाला सहा, आणि ताईच्या खाटेला दोन तास दहा मिनिटं. नकाशावरचा सगळ्यात मोठा तारा ताईच्या खोलीवर उगवला.

"मग पुसून टाक ना मेला तो तारा!"

"साहेबांची सही लागते गं. कारण लिहावं लागतं."

"लिही, झोपलो होतो म्हणून!"

"कामाच्या वेळात?"

ताईने वैतागून दारावर पाटी लावली, 'हे राहतं घर आहे, आत येऊ नये.' लोक पाटी वाचायला थांबू लागले. त्यांचं थांबणंही नकाशा मोजत होता, त्यामुळे तारा आणखी फुगला. दार लावलं तर लोक खिडकीशी आले.

"इथे कोण निजत असे?" एका आजोबांनी अदबीने विचारलं.

"माझा भाऊ!"

"कोणत्या काळात?"

"ऑफिसच्या!"

शनिवारी साहेब मोबाईल बघत बघत थेट खाटेपाशी येऊन थांबले. मागे बापू, घामाघूम. "हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. थाप तोंडाशी आली होती, पण समोर ताई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"साहेब, मी इथे झोपलो होतो. आधी हा तारा काढा, मग मला काढा."

साहेब खाटेवर बसले आणि मोबाईल चाळत राहिले.

"बाकीच्या नकाशेकारांचे अकरा मार्ग बघितलेत? एकही माणूस कुठे पाणी प्यायलासुद्धा थांबलेला नाही. एकाने तर वाट तळ्यातून नेलीय. सगळ्यांनी खुर्चीत बसून रेघा ओढल्यात. पायी गेलेले तुम्ही एकटेच, हे तुमच्या झोपेवरून कळतंय."

त्यांनी तिथेच तारा काढायच्या कागदावर सही केली. बापूला कायम केल्याचंही सांगितलं. "आणि सोमवारपासून ते अकराही मार्ग तुम्हीच चाला. नव्याने."

साहेब गेले. हसावं की रडावं हे न कळून बापू खाटेवर टेकला.

ताईने टेबलावरचा फोन उचलला. "त्या अकरा वाटांवर आपलं कोण कोण राहतं ते सांग पटकन. दारं लावून घ्या म्हणून आत्ताच कळवते."